सहा ठिपक्यांची मराठी

1899 च्या पावसाळ्यात ढग आले आणि न बरसताच गेले. नगर जिल्ह्याला हे नवं नव्हतं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख 1876-77 च्या दुष्काळात होरपळला होता, 1896-97 मध्ये पुन्हा पोळला होता, आणि त्यातून सावरतोय न सावरतोय तोच तिसरा फटका बसला. माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली, गुरं कवडीमोलानं विकली गेली, आणि पोरंबाळं रस्त्यावर आली. त्या काळच्या कागदपत्रांत मेलेल्यांची मोजदाद असते, उघडी पडलेली कोठारं असतात, चाऱ्याचे भाव असतात. उपासमारीनं ज्यांचे डोळे गेले त्यांचा हिशेब मात्र क्वचितच सापडतो.

उपासमार डोळ्यांवर कशी उतरते हे आज वैद्यकाला नीट ठाऊक आहे. पालेभाजी आणि दूधदुभतं तुटलं की 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं. आधी मूल संध्याकाळनंतर ठेचकाळू लागतं, मग बुबुळ कोरडं पडतं, आणि त्यातच गोवर किंवा हगवण झाली तर काही दिवसांत ते मऊ पडून फुटतं. ज्याला गावाकडं 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात, तो पांढरा डाग बऱ्याचदा त्याची खूण असतो. 1900 साली यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं, कारण हे जीवनसत्त्व ओळखलं गेलं ते 1913 च्या सुमारास. शिवाय देवीची साथ होतीच. देवी येऊन गेलेल्या घरात एखादं मूल वाचलं आणि डोळे गेले, तर त्यातल्या त्यात बरं झालं असंच लोक म्हणत.

मग अशा मुलांचं पुढं काय व्हायचं? घरची परिस्थिती बरी असेल तर मूल घरातच राहायचं. मुलगी जात्यावर बसायची, मुलगा दोर वळायचा. गळा गोड असेल तर भजनात बसायचा. यातलं काहीच जमलं नाही तर देवळाची पायरी. वाचायला शिकावं हा विचारच कुणाच्या डोक्यात नव्हता. डोळस पोरांपैकीही शाळेत जाणारी बोटांवर मोजण्याइतकीच होती.

या जिल्ह्यात शाळांचं जाळं ज्यांनी विणलं त्यात अमेरिकन मराठी मिशनचा वाटा मोठा आहे. मिशनचे लोक मुंबईत 1813 मध्ये उतरले आणि 1831 मध्ये नगरला त्यांनी ठाणं मांडलं. पुढं राहुरी, वडाळा, शेवगाव, पारनेर असा त्यांचा पसारा वाढत गेला. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक 1842 मध्ये नगरलाच सुरू झालं. सिंथिया फरार बाईंनी मुलींना शिकवलं तेही इथंच, आणि सावित्रीबाई फुले यांच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा धागा त्यांच्या शाळेशी जोडलेला आहे. कवी नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या आयुष्याचा मोठा काळ नगर-राहुरीत गेला. धर्मांतराच्या हेतूबद्दल तेव्हाही वाद होते, आजही आहेत. पण 1900 च्या दुष्काळात अनाथ मुलांना पोटाशी धरणाऱ्या थोड्या संस्थांपैकी हे मिशन एक होतं, हे त्याच्या विरोधकांनाही नाकारता आलं नाही. नगरचे रॉबर्ट ह्यूम यांनी अमेरिकेतून पैसा उभा केला. त्यांना सरकारनं 1901 मध्ये कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं.

अनाथाला नुसतं खाऊ घालून भागत नाही, त्याला हातात धंदा लागतो, हे मिशनला ठाऊक होतं. नगरला सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाची उद्योगशाळा जेम्स स्मिथ यांनी उभी केली होती. तिथं सुतारकाम, धातुकाम, गालिचे विणणं असे विषय होते. पुढं अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकलेले डी. सी. चर्चिल इथं आले आणि नगरच्या पद्मशाली विणकरांचे माग पाहून त्यांनी हातमागाचा एक नवा नमुना तयार केला. तो 'चर्चिल माग' म्हणून हिंदुस्थानभर चर्चेत आला. म्हणजे माणसाच्या गरजेप्रमाणे यंत्र घडवणं या गावाला परकं नव्हतं.

याच मिशनच्या ॲना मिलर्ड या बाईंनी 1900 मध्ये, दुष्काळाच्या त्याच वर्षी, मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. मुंबई इलाख्यातल्या पहिल्या अंधशाळांपैकी ही एक. दादरची अंधशाळा म्हणून ती पुढं ओळखली गेली, आणि आज कमला मेहता दादर अंधशाळा या नावानं ती अंध मुलींना शिकवते. नगरहून मुंबई तेव्हाही फार लांब नव्हती. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला होता आणि नगर त्याच मार्गावर आहे. तरी अंध लेकराला आगगाडीत बसवून अनोळखी शहरात सोडायला किती आई-बाप तयार झाले असतील याचा अंदाज करता येतो. पुण्यात अंधशाळा निघायला 1934 साल उजाडलं.

शाळा निघाली, फळा नको हे ठरलं, पण शिकवायचं कशातून?

लुई ब्रेल या फ्रेंच तरुणानं 1829 मध्ये सहा ठिपक्यांची लिपी छापून जगापुढं मांडली होती. उभ्या दोन ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. कुठले उठावाचे आणि कुठले सपाट यावरून अक्षर ठरतं. हिशेब केला तर त्रेसष्ठ आकृत्या होतात. फ्रेंचला त्या पुरून उरल्या, इंग्रजीला पुरल्या. मराठीला बाराखडी आहे, काना-मात्रा-वेलांटी आहे, जोडाक्षरं आहेत. तिचं काय करायचं याचं उत्तर ज्यानं-त्यानं आपापल्या परीनं काढलं, आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात झाली.

अमृतसरला ॲनी शार्प यांनी 1887 मध्ये भारतातली पहिली अंधशाळा काढली होती. कलकत्त्यात लालबिहारी शाह यांनी 1897 मध्ये शाळा काढून बंगालीसाठी आपली पद्धत बसवली. अहमदाबादचे डॉ. नीळकंठराय छत्रपती स्वतः डोळस डॉक्टर होते. दृष्टी गेल्यावर त्यांनी गुजराती-मराठीकडच्या भाषांसाठी निराळी ब्रेल रचली, आणि 1902 मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली तेव्हा ते तिचे प्रमुख झाले. त्याच वर्षी नोल्स आणि गार्थवेट या दोघा इंग्रजांनी 'ओरिएंटल ब्रेल' पुढं आणली. तिच्यात सगळ्या पौर्वात्य भाषा एकाच साच्यात बसवायचा बेत होता. शिवाय म्हैसूरची आणखी एक. त्याआधी ब्रायटनच्या विल्यम मून यांनी 1845 मध्ये काढलेली उठावदार रेषांची लिपीही मिशनऱ्यांनी हिंदुस्थानात आणली होती.

त्यामुळं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या दोन अंधशाळांतली मुलं एकमेकांना पत्र लिहू शकतील याची खात्री नव्हती. एका शाळेसाठी हातानं टोचून तयार केलेलं पुस्तक दुसऱ्या शाळेत नुसता खडबडीत कागद. डोळस मराठी लोकांनी मोडी आणि बाळबोध या दोन लिप्या शतकानुशतकं सांभाळल्या होत्या, पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर लिपी बदलते असा प्रकार त्यांच्या वाट्याला कधी आला नाही. या प्रत्येक पद्धतीच्या मागं जिवापाड मेहनत होती, हे मान्य करूनही म्हणावं लागतं की जी मेहनत पुस्तकं वाढवण्यात जायला हवी होती, ती तक्ते बदलण्यात गेली.

इथं नगर जिल्ह्यातलंच एक वेगळं उदाहरण डोळ्यांसमोर येतं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथल्या कार्यशाळेत जयपूर फूट बनतो. पाय तुटलेला माणूस येतो, त्याचं माप घेतात, ठोकून-घासून पाय तयार होतो, चालून पाहतात, टोचलं तर परत घासतात. या कामाला दिल्लीची परवानगी लागत नाही आणि शेजारच्या तालुक्यातल्या कारागिराशी एकमत व्हावं लागत नाही. एका माणसाचा पाय एका माणसाला बसला की झालं. अंध माणसाच्या साधनांचं असं नाही. वाचण्याचं कुठलंही साधन घ्या, ते लिहिणारा, छापणारा आणि वाचणारा या तिघांतल्या करारावर चालतं. करार नसेल तर कितीही सुबक यंत्र आणा, बोटांखाली काही लागत नाही. मराठी अंध वाचकांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास बराचसा या कराराचाच इतिहास आहे, आणि यंत्रं त्यात दुय्यम आहेत.

पहिला करार व्हायला पन्नास वर्षं लागली. 1941 मध्ये सरकारनं एकसमान ब्रेलसाठी तज्ज्ञांची समिती नेमली. महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी डेहराडूनला केंद्र निघालं, तिथं न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेंझी आले. तेही पहिल्या महायुद्धात अंध झालेले. वाद दोन टोकांचा होता. एका बाजूचं म्हणणं, भारतीय वर्णमाला शास्त्रशुद्ध आहे, तर तिच्यासाठी ठिपकेही नव्यानं, आपल्या क्रमानं रचावेत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जगात जिथं 'क'सारखा उच्चार आहे तिथं शक्य तोवर एकच ठिपके ठेवावेत, म्हणजे इंग्रजी शिकलेल्या अंध मुलाला मराठी आणि मराठी शिकलेल्याला हिंदी परकी वाटणार नाही. प्रकरण युनेस्कोपर्यंत गेलं. शिक्षण मंत्रालयात 1947 पासून काम करणारे, स्वतः अंध असलेले लाल अडवाणी या सगळ्या खटपटीत होते. अखेर दुसऱ्या बाजूची सरशी झाली आणि 1951 मध्ये 'भारती ब्रेल' स्वीकारली गेली.

तिची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. डावीकडचे ठिपके वरून खाली एक, दोन, तीन आणि उजवीकडचे चार, पाच, सहा असे मोजतात. 'नगर' लिहायचं तर 'न'साठी एक-तीन-चार-पाच, 'ग'साठी एक-दोन-चार-पाच आणि 'र'साठी एक-दोन-तीन-पाच. इंग्रजीतल्या एन, जी, आर या अक्षरांचे ठिपकेही नेमके हेच. लंडनच्या अंध माणसानं हा शब्द चाचपला तर त्याला एनजीआर लागेल, मधला 'अ' मात्र ज्याचा त्यानं भरायचा. खास मराठी ठसक्याच्या 'ळ'ला इंग्रजीत जोडीदार नव्हता, त्याला उजवीकडचे तिन्ही ठिपके मिळाले. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना स्वतंत्र घर दिलं. सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वेलांटीची. छापील मराठीत 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी येते आणि 'क' नंतर. बोलताना मात्र 'क' आधी, 'इ' नंतर. भारती ब्रेलनं बोलण्याचा क्रम धरला. मात्रा वर, उकार खाली, रफार डोक्यावर हे सगळे चढउतार काढून टाकले आणि अक्षरं जशी तोंडातून निघतात तशी एका रांगेत बसवली. पहिलीच्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीनं जो घाम फुटतो, त्यातला निम्मा इथं वाचतो.

लिहायचं साधन मात्र डोळस माणसाला चक्रावून टाकणारं. ब्रेल पाटी म्हणजे दोन पट्ट्या. खालच्या पट्टीत सहा-सहा खळगे, वरच्या पट्टीत त्यावर येणाऱ्या खिडक्या, आणि मध्ये जाडसर कागद. टोकदार स्टायलसनं कागद खळग्यात दाबायचा. ठिपका उठतो तो कागदाच्या मागच्या बाजूला. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडं आणि उलटं, आणि कागद पालटला की वाचायचं डावीकडून उजवीकडं, सुलटं. दोन महिन्यांत मुलांच्या हाताला हे इतकं सवयीचं होतं की उलटं लिहितोय हे त्यांच्या लक्षातही राहत नाही. चूक झाली तर ठिपका नखानं दाबून सपाट करायचा.

गणिताला टेलर फ्रेम. अष्टकोनी भोकांची पाटी आणि शिशाचे छोटे खिळे. खिळ्याच्या एका टोकाला एक आडवी कड, दुसऱ्या टोकाला दोन टोकं. तो भोकात कुठल्या कोनात बसवला यावरून अंक कळतो. आठ कोन, दोन टोकं, म्हणजे सोळा खुणा. दहा अंक आणि गणिताची चिन्हं त्यात बसतात. पाटी हातातून निसटली की सगळी बेरीज जमिनीवर. अंधशाळेच्या वर्गात गणिताच्या तासाला खिळे शोधायला जमिनीवर बसणारी मुलं हे दृश्य तिथल्या प्रत्येक शिक्षकाला ओळखीचं आहे.

करार झाल्यावर कामं भराभर झाली. 1951 मध्येच डेहराडूनला मध्यवर्ती ब्रेल छापखाना निघाला. 1952 च्या जानेवारीत मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजेच नॅब, स्थापन झाली. तिची महाराष्ट्र शाखा नाशिकला आहे, आणि नाशिक नगरच्या शेजारचाच जिल्हा. पुण्यात 'निवांत अंध मुक्त विकासालय'सारख्या संस्थांनी महाविद्यालयीन मुलांसाठी मराठी ब्रेल पुस्तकं तयार करायचं काम अंगावर घेतलं. आणि 15 फेब्रुवारी 2008 रोजी स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. पाठ्यपुस्तकाबाहेरचं, ताजं, महिन्यातून दोनदा हातात येणारं मराठी वाचन अंध माणसाला मिळालं ते तेव्हा. ज्ञानोदय नगरला निघालं त्यानंतर एकशे सहासष्ट वर्षांनी.

मधल्या काळात सगळा भार होता लेखनिकावर. दहावीच्या परीक्षेला अंध विद्यार्थी उत्तर सांगतो, आणि बहुधा एखादी इयत्ता खालचा विद्यार्थी ते लिहितो. या पद्धतीची थट्टा करणाऱ्यांना नगर जिल्ह्यातल्या नेवाशाची आठवण करून द्यावी. ज्ञानेश्वरी तिथं सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, ही परंपरा शके 1212 ची. ज्ञानदेव डोळस होते हे खरं. पण विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असताना अंध झाले आणि अवघ्या 34 वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले, ते वाचून दाखवणारे आणि लिहून घेणारे हाताशी होते म्हणूनच. लेखनिकाची अडचण प्रतिष्ठेची नाही, परावलंबनाची आहे. लेखनिक आजारी पडला, त्याला भूमितीची आकृती समजली नाही, त्यानं 'शीत'चं 'शित' केलं, तर गुण जातात ते सांगणाऱ्याचे.

दरम्यान अंध कोण, हेच बदलत गेलं. 1970 मध्ये सरकारनं लहान मुलांना दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा डोस द्यायला सुरुवात केली. 1972 चा दुष्काळ नगरच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आजही येतो, आणि तो मिलो, सुकडी आणि रोजगार हमीच्या खडीचा दुष्काळ म्हणून येतो. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला. 1976 मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि मोतीबिंदूची शिबिरं गावोगाव भरू लागली. त्यामुळं बालपणी दृष्टी गेलेल्यांचं प्रमाण घटलं आणि साठीनंतर काचबिंदू, मधुमेह यांनी दृष्टी मंदावलेल्यांचं वाढलं. शेतात राबून घट्टे पडलेल्या बोटांनी पासष्टाव्या वर्षी ब्रेल शिकणं जवळपास अशक्य. अशा माणसांसाठी साधन होतं ते आवाजाचं. पुणे आकाशवाणी 1953 मध्ये सुरू झाली, आणि गावातल्या अंध म्हाताऱ्याच्या उशाशी असलेला ट्रान्झिस्टर हे खेड्यातलं सगळ्यात यशस्वी सहायक तंत्रज्ञान होतं. तो अंधांसाठी बनवलेला नव्हता, म्हणूनच बहुधा स्वस्तात मिळत होता.

संगणक आला तेव्हा वाटलं, आता सगळं सोपं होणार. झालं उलटंच. अभियंते मोहन तांबे यांनी आधी आयआयटी कानपूरमध्ये आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये भारतीय भाषांसाठी एकच संकेतप्रणाली बसवली. इस्की या नावानं ती 1991 मध्ये मानक म्हणून जाहीर झाली. 1991 मध्येच आलेल्या युनिकोडनं देवनागरीचा आराखडा इस्कीवरूनच घेतला. त्यात 'कि' साठवताना 'क' आधी आणि वेलांटी नंतर. भारती ब्रेलनं चाळीस वर्षांपूर्वी हेच केलं होतं. म्हणजे करार कागदावर तयार होता. पण छापखान्यांनी, दैनिकांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी आपापल्या सोयीनं सुटे फाँट उचलले. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव. या फाँटांत दिसतं मराठी, साठतं इंग्रजी. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टंकला की फाईलमध्ये प्रत्यक्षात जातात ई, जे, के, बी, एच ही अक्षरं, आणि फाँट त्यांच्या जागी म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी चित्रं काढतो. डोळ्यांना फरक कळत नाही. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर मात्र चित्र पाहत नाही, तो फाईल वाचतो. त्याच्या तोंडून शासन निर्णयाचं निघतं 'ईजेकेबीएच'. 1902 मध्ये दोन अंधशाळांत जे झालं तेच शंभर वर्षांनी साऱ्या महाराष्ट्रात झालं, आणि या वेळी घोळ घालणारे सगळे डोळस होते.

जॉज हा स्क्रीन रीडर 1989 पासून होता, पण त्याची किंमत खेड्यातल्या घराला झेपणारी नव्हती. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं एनव्हीडीए काढलं आणि ते फुकट वाटलं. त्याच्याबरोबर येणाऱ्या ई-स्पीक या आवाजाला मराठी येतं. उच्चार यंत्राचाच, 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन मराठी उच्चार त्याला धड ओळखता येत नाहीत. 'चमचा' आणि 'चहा' एकाच सुरात निघतात. तरी ऐकणारे त्याचा वेग इतका वाढवतात की शेजारी बसलेल्याला भुंगा गुणगुणल्यासारखं वाटतं. खरी उलथापालथ केली ती मोबाइलनं. टॉकबॅक हा वाचक ॲन्ड्रॉइडच्या सेटिंगमध्येच असतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. मराठी आवाज चढवला की व्हॉट्सॲपवर आलेला निरोप ऐकता येतो, बोलून उत्तर देता येतं. 2020 च्या पहिल्या दिवशी रिझर्व्ह बँकेनं 'मनी' हे ॲप आणलं. नोट कॅमेऱ्यापुढं धरली की ती किती रुपयांची ते ऐकू येतं. नोटाबंदीनंतर आलेल्या नोटांचे आकार हाताला सारखेच लागतात, ही तक्रार नॅबनं मुंबई उच्च न्यायालयात नेली होती.

हे सगळं वापरायला शिकवणारं कुणीतरी लागतं. नगर शहरात दिव्यांग तरुण-तरुणींसाठी काम करणारी 'अनामप्रेम' ही संस्था आहे. खेड्यातून एसटीनं, 75 टक्के सवलतीच्या तिकिटावर, मुलं शहरात येतात, ती बहुधा शिक्षणासाठी आणि स्पर्धा परीक्षेसाठी. 2016 मध्ये उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी संगणकावर ऐकून अभ्यास करत केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा पार केली आणि पुढं त्या देशातल्या पहिल्या अंध महिला आयएएस अधिकारी झाल्या. त्यानंतर महाराष्ट्रातल्या प्रत्येक अंध विद्यार्थ्याला नातेवाइकांनी त्यांचं नाव ऐकवलं असणार.

पुस्तकांच्या वाटेतला कायद्याचा अडसर उशिरा हटला. छापील पुस्तक अंध वाचकासाठी ब्रेलमध्ये किंवा ध्वनिरूपात करायचं तर लेखक-प्रकाशकाची परवानगी लागायची. 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यातली ही अट गेली. अंध वाचकांना पुस्तकं सुलभ रूपात मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार 2014 मध्ये सर्वांत आधी मंजूर करणारा देश भारत ठरला, आणि 2016 मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. प्रकरण होतं बँकेच्या ई-केवायसीचं, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचं. ॲप सांगतं, कॅमेऱ्याकडं पाहून डोळे मिचकावा. ज्याला कॅमेरा कुठं आहे हेच दिसत नाही, किंवा ॲसिडनं ज्याच्या पापण्याच राहिल्या नाहीत, त्यानं खातं उघडायचं कसं, असा प्रश्न न्यायालयापुढं होता.

मराठी पुस्तकांचं काम मात्र अजून फाँटांपाशीच अडतं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली कितीतरी पुस्तकं प्रकाशकांकडं जुन्या फाँटांत आहेत. ती युनिकोडमध्ये उलटवायची सॉफ्टवेअरं आहेत, पण जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, आणि मग कुणालातरी बसून ओळ न् ओळ तपासावी लागते. शुद्ध युनिकोडमध्येही एक गाठ सुटलेली नाही. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला जो अर्धा र आहे, तो हिंदीत नाही, मराठीत हवाच, कारण 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. हा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकदा खालच्या टिंबाचा स्वतंत्र र वापरून, एकदा साध्या र-हलन्तानंतर न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. म्हणून शेतकऱ्यांच्या योजनेची माहिती शोधणाऱ्या अंध माणसानं एका तऱ्हेनं शब्द दिला आणि पान दुसऱ्या तऱ्हेनं टंकलेलं असेल, तर दोन्हींना एक न मानणारा शोध रिकामा परत येतो. ब्रेलमध्ये रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तक्त्यातही या एका अक्षरासाठी दोन नोंदी ठेवाव्या लागतात.